फोटॉन बीमलाइनसाठी चुंबक कसा आखायचा: ठाणे-नवी मुंबईच्या नवशिक्या इंजिनिअरांसाठी

फोटॉनवर विद्युतभार नसतो, म्हणून कितीही ताकदीचा चुंबक लावला तरी तो सरळच जातो. तरीही फोटॉन बीमलाइनवर चुंबक लागतात, कारण तिथे फोटॉन एकटा कधीच नसतो. वेगवान इलेक्ट्रॉन पातळ पत्र्यावर किंवा हिऱ्याच्या चकतीवर आदळवले की फोटॉन निघतात. मागे उरलेले इलेक्ट्रॉन त्याच वाटेने पुढे येत असतात. पुढे कॉलिमेटरच्या (शलाका अरुंद करणारं भोक असलेल्या ठोकळ्याच्या) कडांवर फोटॉन आपटले की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या तयार होतात. ही सगळी विद्युतभारित गर्दी बाजूला काढायची आणि फोटॉन तेवढे पुढे जाऊ द्यायचे, हे चुंबकाचं काम.

ऐरोली, वाशी, नेरुळ, ठाणे इथल्या कॉलेजांतून मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल करून निघालेली मुलं या क्षेत्रात येतात तेव्हा बहुतेक जण पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर उघडतात. माझा आग्रह असा की पहिले दोन दिवस वही आणि कॅल्क्युलेटर एवढंच वापरा. खाली एक पूर्ण उदाहरण सोडवलं आहे. आकडे स्वतः पडताळून पाहत वाचा, तरच ते हातात बसतील. संपूर्ण लेखात एकच गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: गॅपचा (चुंबकाच्या दोन ध्रुवांमधल्या, म्हणजे पोलमधल्या मोकळ्या जागेचा) प्रत्येक मिलिमीटर महाग असतो, म्हणून तो का हवा याचं उत्तर तुमच्याकडे असलं पाहिजे.

पायरी १: हा चुंबक नक्की कशासाठी?

आपल्याकडे 'फोटॉन बीमलाइन' म्हटलं की इंदूरचं इंडस-२ आठवतं. तिथे २.५ जीईव्हीचे (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे) इलेक्ट्रॉन १.५ टेस्लाच्या १६ वळण-चुंबकांतून फिरतात आणि वळतानाच प्रकाश टाकतात. म्हणजे तिथे चुंबक फोटॉन निर्माण करतो. कणभौतिकीच्या बीमलाइनवर चुंबकाची कामं निराळी आणि ढोबळमानाने तीन.

पहिला टॅगर. फोटॉन सोडून दिलेल्या इलेक्ट्रॉनला वळवून त्याची उरलेली ऊर्जा मोजायची, म्हणजे फोटॉनची ऊर्जा कळते. अमेरिकेतल्या जेफरसन लॅबच्या हॉल डीमध्ये १२ जीईव्हीचे इलेक्ट्रॉन हिऱ्यावर आदळतात आणि १.५ टेस्लाचा टॅगर चुंबक पूर्ण ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांना १३.४ अंशांत वळवून डंपकडे (शलाका शोषून घेणाऱ्या ठोकळ्याकडे) पाठवतो. दुसरा जोडी-स्पेक्ट्रोमीटर: पातळ पत्र्यात फोटॉनची इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी होऊ द्यायची, दोघांना विरुद्ध बाजूंना वळवायचं आणि दोघांच्या ऊर्जांची बेरीज करायची. तिसरा स्वीपिंग चुंबक, म्हणजे नुसता झाडू.

पहिल्या दोघांत चुंबकीय क्षेत्राचा नकाशा अतिशय अचूक लागतो, कारण मोजमाप त्यावरच उभं असतं. स्वीपिंग चुंबकात क्षेत्र दोन-तीन टक्क्यांनी इकडेतिकडे झालं तरी काही बिघडत नाही. कण बाजूला गेला की झालं. नवशिक्यांनी सुरुवात स्वीपिंग चुंबकापासून करावी असं मला मनापासून वाटतं. आपणही तोच आखू.

पायरी २: किती वळवायचं?

एकच सूत्र पाठ करा. संवेग जीईव्हीत, क्षेत्र टेस्लात, त्रिज्या मीटरमध्ये घेतली तर

संवेग = ०.३ × क्षेत्र × त्रिज्या

इंडस-२ वर तपासून पाहा: २.५ भागिले (०.३ × १.५) म्हणजे साधारण ५.५६ मीटर. त्यांच्या वळण-चुंबकांची त्रिज्या तेवढीच आहे. खारघरच्या इलेक्ट्रॉन बीम सेंटरमधल्या १० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) लिनॅकचा, म्हणजे सरळ रेषेतल्या प्रवेगकाचा, इलेक्ट्रॉन घेतला तर ०.१ टेस्लाच्या साध्या क्षेत्रातही तो सुमारे ३५ सेंटिमीटर त्रिज्येत वळतो. म्हणजे खारघरचा इलेक्ट्रॉन छोट्या चुंबकानेही वळतो. १२ जीईव्हीच्या इलेक्ट्रॉनला मात्र हॉल डीमध्ये सव्वासहा मीटर लांब क्षेत्र लागतं.

आपलं उदाहरण असं. कॉलिमेटरच्या मागे स्वीपिंग चुंबक लावायचा आहे. बाजूला काढायच्या कणांचा संवेग जास्तीत जास्त ३ जीईव्ही. चुंबकाच्या मध्यापासून ४ मीटरवर शोषक ठोकळे आहेत आणि तिथे कण अक्षापासून १५ सेंटिमीटर लांब गेलेला हवा. कोन झाला ०.१५ भागिले ४, म्हणजे ०.०३७५ रेडियन. लहान कोनांसाठी

क्षेत्र × लांबी = संवेग × कोन ÷ ०.३

म्हणजे ३ × ०.०३७५ ÷ ०.३ = ०.३७५ टेस्ला-मीटर. चुंबकाची खरी मागणी हीच. पुढचं सगळं, लोखंड, तांबं, पाणी, या एका आकड्यातून निघतं. ०.७५ टेस्ला आणि अर्धा मीटर घ्या, किंवा १.२५ टेस्ला आणि ३० सेंटिमीटर. बीमलाइनवर जागा असेल तर मी नेहमी कमी क्षेत्र आणि जास्त लांबी निवडतो. लोखंड संपृक्ततेपासून (आणखी फ्लक्स घेईनासं होण्यापासून) दूर राहतं आणि गणितं सरळ राहतात. आपण ०.७५ आणि ०.५ मीटर धरू.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. जोड्यांत इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन दोन्ही असतात, त्यामुळे ते दोन्ही बाजूंना जातात. शोषक ठोकळे दोन्हीकडे लागतात आणि व्हॅक्यूम चेंबर अक्षाच्या दोन्ही बाजूंना सारखं रुंद लागतं.

पायरी ३: गॅप

इथे घाई करू नका.

समजा, अक्षावर आतून ३८ मिमी व्यासाचा गोल पाइप ठेवला. ३ जीईव्हीचा कण ०.७५ टेस्लात १३.३ मीटर त्रिज्येत वळतो आणि चुंबकाच्या शेवटी अक्षापासून ९.४ मिमी सरकलेला असतो (लांबीचा वर्ग भागिले दुप्पट त्रिज्या). तो पाइपच्या आत आहे, ठीक. पण १.५ जीईव्हीच्या खालचे सगळे कण चुंबकाच्या आतच पाइपला धडकतील. तिथून पुन्हा कणांचा नवा फवारा उडेल आणि त्यातले फोटॉन सरळ पुढे डिटेक्टरकडे जातील. म्हणजे झाडूच कचरा करू लागला.

म्हणून चेंबर चपटा आयताकृती घ्यायचा: रुंदी जास्त, उंची कमी. बाहेरून ११० मिमी रुंद, आतून १०४. आता चुंबकाच्या आत धडकणारे कण साधारण ५४० एमईव्हीच्या खालचेच उरतात. तेवढ्यांसाठी चेंबरभोवतीचं शिसं पुरतं की नाही, हे जिआंट-४ (Geant4, कणांचा प्रवास दाखवणारं सॉफ्टवेअर) मध्ये मॉडेल चालवणाऱ्यांना विचारा. तो प्रश्न चुंबकवाल्याने एकट्याने सोडवायचा नसतो.

उंचीचा हिशोब असा. फोटॉनची शलाका, तिची पसरट कड आणि जुळणीतली चूक मिळून आतली उंची ३६ मिमी. भिंत ३ मिमी स्टेनलेस स्टील, दोन्ही बाजूंनी. कारण चपटी भिंत व्हॅक्यूममध्ये आत दबते आणि २ मिमीत तिच्यावरचा ताण सोयीचा राहत नाही. झाले ४२. वर-खाली ४-४ मिमी, हीटिंग टेप गुंडाळायला आणि चेंबर आत सरकवायला. एकूण ५० मिमी.

हा ५० चा आकडा मीटिंगमध्ये कोणी सहज वाढवू पाहील. 'थोडी मोकळीक ठेवा, ६० करा' असं म्हणतील. तेव्हा खालची दोन गणितं त्यांच्यासमोर ठेवा.

पायरी ४: अँपिअर-टर्न

क्षेत्र टेस्लात आणि गॅप मिलिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला ७९६ ने गुणा. ०.७५ × ५० × ७९६ म्हणजे २९,८५० अँपिअर-टर्न (प्रवाह × वेढे). लोखंडात थोडे जातात. संपृक्ततेपासून दूर असलेल्या चुंबकात ३-४ टक्के धरा. एकूण सुमारे ३१,१००. दोन कॉइल, प्रत्येकी ८० वेढे, एकूण १६०. प्रवाह आला १९५ अँपिअर.

गॅप ६० केली तर याच कॉइलमध्ये प्रवाह २० टक्के वाढेल आणि वीज प्रवाहाच्या वर्गाने, म्हणजे ४४ टक्के. गॅप ४० वर आणता आली तर वीज ३६ टक्के वाचेल. वर्षानुवर्षं चालणाऱ्या बीमलाइनवर हा फरक पॉवर सप्लाय, चिलर, केबल आणि वीजबिल या चारही ठिकाणी दिसतो.

पायरी ५: लोखंड

पोलची रुंदी १२० मिमी घेऊ. साध्या सपाट पोलमध्ये, कडेला शिम (लोखंडाची पातळ पट्टी) न लावता, कडेपासून गॅपच्या चाळीस टक्क्यांएवढं अंतर आत आलं की क्षेत्र साधारण एक टक्क्याच्या आत येतं. म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे सुमारे ४० मिमी चांगला पट्टा मिळतो. झाडूला एवढं पुष्कळ. टॅगरसारखी दहा हजारात एक अशी अचूकता मागितली असती तर प्रत्येक कडेला सुमारे ६० मिमी सोडावे लागले असते, म्हणजे आपल्या पोलमध्ये काहीच उरलं नसतं. पहिल्या पायरीवर कामाचा प्रकार ठरवणं का महत्त्वाचं, ते इथे कळतं.

पोलची लांबी ४५० मिमी ठेवा. टोकांना क्षेत्र बाहेर फुगतं आणि परिणामी लांबी साधारण एका गॅपने वाढते, म्हणून ४५० अधिक ५० म्हणजे आपले ५०० मिमी. पहिल्या अंदाजाला हे चालतं. नेमका आकडा थ्री-डी मॉडेल देईल.

योकसाठी, म्हणजे पोल जोडणाऱ्या लोखंडी चौकटीसाठी, फ्लक्स मोजताना पोलच्या रुंदीत दोन गॅप मिळवा, कारण कडेनेही फ्लक्स येतो. ०.७५ × ०.२२ म्हणजे दर मीटर लांबीला ०.१६५ वेबर. एच-आकाराच्या योकमध्ये प्रत्येक पायातून अर्धा जातो. पाय ७५ मिमी जाड घेतला तर आत १.१ टेस्ला. पोलच्या मुळाशी जवळजवळ १.४ येतात. चांगल्या लो-कार्बन स्टीलला हे झेपतं. सी-आकार निवडला तर एकाच पायावर सगळा भार येतो आणि जाडी दुप्पट करावी लागते, पण चेंबर बाजूने सरकवता येतो. जागेवर गेल्यावर या सोयीची किंमत कळते. तरी पहिल्या चुंबकासाठी एच घ्या, वरचा अर्धा भाग उचलता येईल असा.

स्टील कुठलं? १०१० ग्रेड मिळालं तर उत्तम; त्यात कार्बन ०.१ टक्क्याच्या आसपास असतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात आयएस २०६२ ची जाड प्लेट सहज मिळते, तिच्यात कार्बन साधारण दुप्पट. स्वीपिंग चुंबकाला तीही चालू शकते, पण त्याच हीटचा (एकाच वितळणीतल्या मालाचा) तुकडा कापून त्याचा बी-एच (चुंबकीकरणाचा) आलेख मोजून घ्या आणि मॉडेलमध्ये तोच घाला. टेस्ट सर्टिफिकेटवर रासायनिक घटक असतात, चुंबकीय गुण नसतात. गॅस कटिंगनंतर स्ट्रेस रिलीव्ह करून घ्या, मगच मिलिंग आणि पोलच्या तोंडांचं सरफेस ग्राइंडिंग.

चुंबक चालू असताना दोन पोल एकमेकांना सुमारे १,२०० किलोच्या ताकदीने ओढतात. म्हणून दोन अर्ध्या भागांमध्ये डॉवेल पिना आणि जाड बोल्ट हवेत. नुसत्या कॉइलच्या आधारावर वरचा भाग टेकवायचा नाही. सगळं मिळून लोखंड ५०० किलोच्या घरात आणि तांबं १३० किलो. आय बोल्टच्या जागा ड्रॉइंगवर पहिल्या दिवसापासून दाखवा. क्रेनवाल्याला त्या जॉबवर शोधायला लागता कामा नयेत.

पायरी ६: कॉइल आणि पाणी

९ मिमी चौकोनी पोकळ तांब्याची नळी, मध्ये ५ मिमीचं भोक. तांब्याचं क्षेत्रफळ सुमारे ६०.५ चौरस मिमी, प्रवाहाची घनता ३.२ अँपिअर दर चौरस मिमी. पाण्याने थंड होणाऱ्या कॉइलला हे आरामाचं आहे. फायबरग्लास टेपचे दोन थर धरून प्रत्येक वेढा १० मिमी. आठ थर, प्रत्येकात दहा वेढे. दोन-दोन थर एकत्र गुंडाळले की एका कॉइलमध्ये चार डबल पॅनकेक.

सरासरी वेढा १.५२ मीटर, एकूण तांबं २४३ मीटर. चाळीस अंशांवर रोध ०.०७४ ओहम. म्हणजे १४.५ व्होल्ट आणि २.८ किलोवॉट. केबलचा एक-दीड व्होल्ट धरून २० व्होल्ट, २५० अँपिअरचा सप्लाय घ्या.

आता पाणी. पाण्याचं तापमान १५ अंशांनी वाढू द्यायचं ठरवलं तर

लिटर दर मिनिट = १४.३ × किलोवॉट ÷ तापमानवाढ

म्हणजे २.७ लिटर. हे किती वाटांत विभागायचं? नवशिक्याला वाटतं जितक्या जास्त वाटा तितकं चांगलं. मोजून पाहू. प्रत्येक पॅनकेक वेगळा जोडला, म्हणजे आठ वाटा, तर वेग सेकंदाला ०.२८ मीटर एवढाच राहतो आणि प्रवाह शांत, थरांचा होतो. भिंतीवरची उष्णता पाण्यात नीट मिसळत नाही. उलट प्रत्येक कॉइलला एकच वाट दिली तर १२२ मीटर लांब नळीतून पाच बारपेक्षा जास्त दाब खर्च होतो. प्रत्येक कॉइलला दोन, एकूण चार वाटा: वेग ०.५७, प्रवाह खळाळता, दाब ०.८ बारच्या आसपास. हेच घ्या. कमी वाटतोय म्हणून उरलेला दाब व्हॉल्व्हने अडवू नका, पाणी थोडं जास्त जाऊ द्या.

नळीत मध्येच जोड नको. ब्रेझिंग लागलंच तर ते कॉइलच्या बाहेर, हाताला लागेल अशा ठिकाणी. गुंडाळण्याआधी प्रत्येक नळीतून मोजकं पाणी सोडून पाहा आणि गुंडाळल्यावर पुन्हा; कोपऱ्यात नळी दबली असेल तर तिथेच पकडली जाते. इपॉक्सीचं व्हॅक्यूम इम्प्रेग्नेशन झाल्यावर हा दोष सुधारत नाही. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे या पट्ट्यात ट्रान्सफॉर्मर आणि मोटारींच्या कॉइल गुंडाळणारे हुशार कारागीर आहेत. मात्र त्यांची सवय भरीव तांब्याची असते. पोकळ नळीला किती त्रिज्येचा कोपरा सोसतो, हे दोन मीटरचा तुकडा वाकवून, मधोमध कापून त्यांच्यासोबत पाहा. त्यांचं मत ऐका; हाताला जे कळतं ते ड्रॉइंगवर दिसत नाही.

आपल्या हवेबद्दल वेगळं सांगायला हवं. जून ते सप्टेंबर ठाणे-नवी मुंबईत दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. चिलर १८ अंशांवर लावला आणि चाचणीसाठी चुंबक बंद ठेवून पाणी फिरवत राहिलात, तर कॉइलवर आणि टर्मिनलवर दव जमतं आणि मेगरची (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरची) सुई खाली येते. पाणी २८-३० अंशांवर आत सोडा, २.८ किलोवॉटला ते पुरतं. ग्राइंडिंग केलेली पोलची तोंडं पावसाळ्यात रात्रभरात गंजू लागतात, म्हणून त्यांना तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. पाणी डीमिनरलाइज्ड हवं, नळाचं नको.

पायरी ७: आता सॉफ्टवेअर

फेम (FEMM) मोफत आहे आणि टू-डी छेदासाठी पुरेसं. त्यात गॅपमधलं क्षेत्र ०.७५ च्या दोन टक्क्यांत आलं नाही, तर आधी आपली वही तपासा, मग मॉडेल. थ्री-डीसाठी रेडिया किंवा ऑपेरा. थ्री-डीतून दोन गोष्टी हव्यात: संपूर्ण लांबीवरची क्षेत्राची बेरीज आणि बाहेर सांडलेलं क्षेत्र. जवळ फोटोमल्टिप्लायर असतील तर काही गॉसही त्यांना बाधतात. चुंबकाच्या तोंडाशी लोखंडी फील्ड क्लॅम्प बसवावा लागेल, आणि तो बसवला की परिणामी लांबी कमी होते. म्हणून हा प्रश्न पोलची लांबी पक्की करण्याआधी विचारा.

पायरी ८: सुरक्षा-साखळी

चारही वाटांच्या बाहेर पडणाऱ्या टोकाला थर्मल स्विच बसवा, साधारण ६५ अंशांवर उघडणारे आणि सगळे एकापाठोपाठ जोडलेले. त्यासोबत फ्लो स्विच. वायर तुटली तरी सप्लाय बंद व्हावा अशीच जोडणी हवी. कॉइलचं इंडक्टन्स ७० मिलिहेन्रीच्या आसपास आणि साठलेली ऊर्जा १,३०० ज्यूलच्या जवळपास आहे. प्रवाह चालू असताना लग सैल झाला तर मोठी ठिणगी उडते. सप्लायवर फ्रीव्हीलिंग डायोड आहे याची खात्री करा आणि टर्मिनलवर हायलमचं (विद्युतरोधक पत्र्याचं) झाकण लावा.

त्याहून मोठा प्रश्न: चुंबक अचानक बंद पडला तर कण कुठे जातील? आपल्या स्वीपिंग चुंबकात उत्तर सोपं आहे, पार्श्वभूमी वाढेल. पण मुख्य इलेक्ट्रॉन शलाका वळवणारा चुंबक बंद पडला तर सगळी शलाका फोटॉनच्या वाटेने सरळ प्रयोगाच्या दालनात शिरेल. म्हणून हॉल डीच्या फोटॉन वाटेवर कायमस्वरूपी (परमनंट) चुंबकही बसवला आहे. त्याला वीज लागत नाही, म्हणून तो बंद पडत नाही. चुंबकाचा प्रवाह बीमच्या परवानगीशी जोडायचा, आणि शक्य तिथे विजेवर न चालणारा दुसरा अडसर ठेवायचा. या बाबतीत खर्चाची काटकसर मला मान्य नाही.

पायरी ९: मोजणी

आधी फीलर किंवा स्लिप गेजने गॅप चार कोपऱ्यांत मोजा. मग पाण्याची दाब-चाचणी, मग मेगर, मग प्रवाह टप्प्याटप्प्याने. १९५ अँपिअरवर तापमान स्थिर होईपर्यंत चालवा आणि चारही वाटांचं बाहेरचं पाणी मोजा. एखादी वाट बाकीच्यांपेक्षा पाच अंश गरम असेल तर तिच्यात अडथळा आहे.

हॉल प्रोब (चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर) अक्षावरून मध्यापासून दोन्हीकडे अर्धा मीटर, दर १० मिमीला सरकवत न्या. बेरीज ०.३७५ टेस्ला-मीटर यायला हवी. थोडी कमी आली तर प्रवाह वाढवायला जागा आहेच, त्यासाठीच सप्लाय मोठा घेतला. मोजण्याआधी प्रवाह शून्य ते कमाल असा तीनदा वर-खाली करा आणि नेहमी वर जातानाच मोजा. प्रवाह शून्य केल्यावरही गॅपमध्ये काही मिलिटेस्ला उरतील. स्टीलच्या जातीप्रमाणे तो आकडा बदलतो, म्हणून तोही लिहून ठेवा. फोटॉनची वाट जुळवताना चुंबक बंद ठेवून कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन पाठवायचे असतील, तर या उरलेल्या क्षेत्राने ते सरकतात.

नकाशाची फाइल देताना प्रत्येक ओळीला प्रवाह, पाण्याचं तापमान, प्रोबचा क्रमांक आणि अक्षाची दिशा लिहा. ध्रुव होकायंत्राने तपासून योकवर रंगाने खूण करा. बीमलाइनची माणसं हाच मोजलेला नकाशा त्यांच्या मॉडेलमध्ये घालून कण पुन्हा चालवतील. त्यांचा पहिला फोन बहुधा कडेच्या क्षेत्राबद्दल येईल, म्हणून अक्षापासून डावी-उजवीकडे ५० मिमीपर्यंतच्या ओळीही पहिल्याच मोजणीत घेऊन ठेवा.